परसातील पान आणि रक्तातील साखर

मधुमेहाचा रोगी ज्या घरात असतो, त्या घरास औषध सांगणारांचा तोटा कधीच पडत नाही. समाचारास आलेला प्रत्येक पाहुणा चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी एक तरी पान, बी अथवा साल सुचवून जातो. कोणी कारल्याचा रस सांगतो, कोणी जांभळाच्या बियांचे चूर्ण, कोणी रात्री भिजत घातलेली मेथी, कोणी गुडमार, तर कोणी अंगणातल्या सदाफुलीची पाने सकाळी अनशापोटी चावावयास सांगतो. प्रत्येकापाशी दाखलाही तयार असतो. त्यांच्या मेहुण्यांची अथवा साडूंची साखर त्याच पानाने उतरलेली असते. सांगणाराच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीच कारण नाही. तो आपुलकीनेच सांगत असतो. प्रश्न एवढाच, की त्या पानाने साखर खरोखर उतरते किंवा नाही, हे ठरवावयाचे कसे?

हा विषय आज घेण्यास एक निमित्त झाले आहे. एका भगिनीचे पत्र आम्हांस आले. नावगाव आम्ही अर्थातच देत नाही. घर एकत्र कुटुंबाचे, सुशिक्षित. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून इन्सुलिनच्या इंजेक्शनांवर आहे. आता घरातील वडील मंडळींस कोणी सांगितले आहे, की तोंडलीच्या वेलाच्या पानांचा रस नेमाने दिला, तर सुईची गरज उरणार नाही. नातवाच्या मांडीवरील सुयांच्या खुणा पाहून आजीच्या डोळ्यांस पाणी येते, आणि येत्या महिन्यापासून सुई बंद करून रस चालू करावा असे घरात घाटत आहे. त्या भगिनी लिहितात, “वडील माणसांपुढे उलट बोलण्याची मला सवय नाही. आपले सदर आमच्याकडे रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचले जाते. तेव्हा आपणच काय ते लिहावे.”

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले, एवढीच आमची पुंजी. परंतु हा प्रश्न औषधाचा जितका आहे, तितकाच तो प्रमाणाचा आहे. आणि प्रमाणाविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ विचार करून ठेविला आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

आपल्या प्राचीन वैद्यांची ह्या रोगाकडे पाहण्याची दृष्टी किती बारीक होती, हे पाहून आजही आश्चर्य वाटते. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत: कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार, मधुमेह हा त्या शेवटच्या चारांपैकी एक. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षण त्यांनी नोंदविले आहे. युरोपात टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्याने मूत्राच्या मधुर चवीविषयी लिहिले ते सतराव्या शतकात, आणि ती चव साखरेची आहे हे मॅथ्यू डॉब्सन ह्याने दाखवून दिले ते १७७६ साली. सुश्रुताने तर प्रमेहाचे दोन वर्ग केले: एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे उत्पन्न झालेला. पहिल्यातील रोगी बहुधा कृश असतो, दुसऱ्यातील स्थूल. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याने शंभर योजने पायी चालावे, विहीर खणावी, असा उपायही त्याने सांगितला आहे. आजचा डॉक्टर विहीर खणावयास सांगत नाही, रोज अर्धा-पाऊण तास झपाट्याने चालावयास सांगतो. पण मुद्दा तोच.

तेव्हा वनस्पतीवर विश्वास ठेवणारा मनुष्य अडाणी, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु ज्या चरकाचे नाव आपण आदराने घेतो, त्याच्याच ग्रंथात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत, आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती, आणि त्या चारांस त्याने नाव दिले आहे ‘परीक्षा’. केवळ कोणी सांगितले एवढ्यावर तो थांबला नाही. मेहुण्यांची साखर उतरल्याची वार्ता हा फार तर आप्तोपदेश झाला. पुढच्या परीक्षा शिल्लकच राहिल्या.

न्यायशास्त्र शिकताना विद्यार्थ्यास ‘काकतालीय न्याय’ सांगतात. कावळा ताडावर येऊन बसला आणि त्याच क्षणी फळ खाली पडले. पाहणारास वाटले, कावळ्याने फळ पाडले. आपल्या मराठीतही कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असे आपण म्हणतोच. ह्या फसगतीतून सुटण्यासाठी आपल्या नैयायिकांनी दोन कसोट्या एकत्र वापरल्या. कारण असेल तेथे कार्य असणे, हा अन्वय. आणि कारण नसेल तेथे कार्य नसणे, हा व्यतिरेक. पान खाल्ले आणि साखर उतरली, हा झाला अन्वय. परंतु तोच मनुष्य, तेच दिवस, तोच आहार, आणि पान मात्र नाही, असे असते तर साखर उतरली असती किंवा नाही? हा व्यतिरेक पाहिल्यावाचून पानाच्या पदरात श्रेय टाकता येत नाही. घरगुती दाखल्यांत अन्वय असतो, व्यतिरेक नसतो. सारी अडचण येथे आहे.

आणि साखर उतरण्यास दुसरी कारणे का थोडी असतात? ज्या गृहस्थाने कारल्याचा रस सुरू केला, त्याने बहुधा त्याच सोमवारपासून चहातील साखरही कमी केलेली असते, रात्रीचा भात सोडलेला असतो, आणि पहाटे टेकडीवर जाण्याचा नेम धरलेला असतो. डॉक्टरने दिलेली गोळीही, आजवर जी आठवड्यातून चार दिवस घेतली जात होती, ती आता सातही दिवस घेतली जाते. दुसरे असे, की मनुष्य नवीन उपायाकडे वळतो तो साखर फार चढलेली असते तेव्हा. आणि फार चढलेली वस्तू पुष्कळदा आपोआपच थोडी खाली येते. तिसरी गोष्ट मापाची. घरी बोट टोचून साखर पाहण्याची जी लहान यंत्रे असतात, त्यांच्यासाठी ठरविलेल्या प्रमाणांतही, शंभरावरील आकड्यास शेकडा १५ पर्यंतचा फरक मान्य केलेला आहे. म्हणजे काल १४० आणि आज १२८ निघाली, तर ती उतरली असे म्हणण्यास आधार नाही. ते दोन्ही आकडे एकाच साखरेचे असू शकतात.

म्हणून आजच्या शास्त्रात वनस्पतीच्या अर्काची परीक्षा कशी घेतात, ते थोडक्यात सांगतो. प्रथम वनस्पती नेमकी कोणती, तिचे पान, मूळ की फळ, कोणत्या ऋतूत तोडलेले, आणि अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, हे सर्व निश्चित करतात. कारण ह्यांपैकी एक गोष्ट बदलली तरी अर्कातील द्रव्ये बदलतात. नंतर तो उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांस देऊन त्याचा गुण आणि त्याचे विष ही दोन्ही पाहतात. तेथे उतरल्यावर मनुष्यावर प्रयोग. त्यात रोग्यांच्या दोन तुकड्या करतात, त्याही चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवगतीने, म्हणजे निवड करणाराच्या मनाचा कल तीत शिरू नये. एकीस अर्क, दुसरीस तशीच दिसणारी पण निर्गुण गोळी. आहार आणि व्यायाम ह्यांचा उपदेश दोघींस एकच. कोणास काय दिले, हे रोग्यासही ठाऊक नसते आणि तपासणारासही नसते.

ही शेवटची अट ऐकून कित्येकांस नवल वाटते. पण शाळेशी संबंध आलेल्या कोणासही ती चटकन् पटावी. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षक लबाड असतो म्हणून नव्हे. तर प्रामाणिक परीक्षकाचाही हात ओळखीच्या मुलाच्या पेपरावर किंचित सैल सुटतो म्हणून. आपल्या आवडत्या औषधाचा निकाल पाहताना मनुष्याचे मन असेच सैल सुटते. निकालही एका दिवसाच्या साखरेवरून लावीत नाहीत. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, आणि त्यांच्या रंगद्रव्यास जी साखर चिकटून राहते, तिच्या मापावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हीच ती ‘तीन महिन्यांची साखर’.

आता पत्रातील तोंडलीच्याच वेलाचे पाहू. हिचे संस्कृत नाव बिंबी. सुंदरीच्या ओठांस ‘बिंबाधर’ म्हणताना आमच्या कवींनी जे फळ डोळ्यांपुढे आणले, ते हिचेच पिकलेले तांबडे तोंडले. बंगालात ह्या वेलास तेलाकुचा म्हणतात, आणि तिच्या पानांचा रस मधुमेहावर देण्याचा तिकडे जुना प्रघात आहे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन ह्या संस्थेत रामनाथ चोप्रा ह्यांनी देशी औषधींची शास्त्रशुद्ध तपासणी सुरू केली होती. परकीय राजवटीत आपल्या औषधींस मान मिळावा ही त्यांची तळमळ प्रसिद्ध आहे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी बोस ह्यांनी तेलाकुच्याची परीक्षा घेऊन १९२५ साली निकाल प्रसिद्ध केला: रोग्यांच्या साखरेवर काही परिणाम आढळला नाही. देशी औषधीविषयी ज्याच्या मनात प्रेम होते, त्यानेच प्रतिकूल निकाल जसाच्या तसा छापला, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

परंतु गोष्ट तेथेच संपली नाही. पुढे सुमारे ऐंशी वर्षांनी बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेतील संशोधकांनी त्याच वेलीचा मद्यार्कात काढलेला अर्क घेऊन, वर सांगितलेल्या दोन तुकड्यांच्या पद्धतीने परीक्षा घेतली, आणि २००८ साली निकाल प्रसिद्ध केला. रोगी ६० होते, वय ३५ ते ६०. सर्वांचा मधुमेह नुकताच उघडकीस आलेला, आणि ज्यास अद्याप गोळीचीही गरज नाही असा सौम्य. रोज एक ग्रॅम अर्क ९० दिवस देण्यात आला. अर्क घेणारांची उपाशीपोटीची साखर शेकडा १६ आणि जेवणानंतरची शेकडा १८ उतरली. निर्गुण गोळी घेणारांशी तुलना करता हा फरक स्पष्ट होता.

हे वाचून तोंडलीचा पुरस्कार करणारे आनंदतील, आणि त्यांनी आनंदावेही. मात्र निकाल जेवढा आहे तेवढाच वाचावा. उपाशीपोटी १५० साखर असेल, तर शेकडा १६ म्हणजे २४ उतरून ती १२६ होईल. १२६ हीच मधुमेह ठरविण्याची उपाशीपोटीची सीमा आहे. म्हणजे मदत झाली, पण रोग गेला नाही. शिवाय ती परीक्षा मोजून तयार केलेल्या अर्काची होती, पाट्यावर वाटून फडक्यातून गाळलेल्या रसाची नव्हे. ती ६० प्रौढांची होती, आणि तीन महिन्यांची होती. इन्सुलिनवर असलेले एकही मूल तीत नव्हते. एका परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास आपण वरच्या वर्गात घालतो. थेट पदवी देत नाही.

सदाफुलीची कथा तर ह्याहूनही बोधप्रद आहे. ही मूळची मादागास्कर बेटातील. पण आता आपल्याकडे असे अंगण विरळाच, जेथे ती नाही. जमैका बेटात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ साली त्या बेटातून काही पाने कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल ह्यांच्याकडे आली. हे नोबल कोण? १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग ह्यांनी इन्सुलिनचा शोध आरंभिला, तेव्हा त्यांच्या हाताखाली प्रथम कोणी जावे, हे दोन विद्यार्थ्यांनी नाणे उडवून ठरविले, अशी हकीकत सांगतात. नाणे बेस्ट ह्यांच्या बाजूने पडले आणि त्यांचे नाव जगभर झाले. दुसरा विद्यार्थी तो हा क्लार्क नोबल. त्यांनी ती पाने वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात संशोधन करणारे आपले बंधू रॉबर्ट ह्यांच्याकडे पाठविली.

रॉबर्ट नोबल ह्यांनी अर्क उंदरांस पाजून पाहिला. साखर ढळली नाही. दुसरा कोणी असता तर पाने फेकून मोकळा झाला असता. त्यांनी अर्क शिरेतून टोचून पाहिला, तेव्हा उंदीर थोड्याच दिवसांत जंतुबाधेने मेले. असे का व्हावे, म्हणून रक्त तपासले, तो रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी अगदी घटलेल्या आणि हाडांतील मगज क्षीण झालेला. त्यावरून त्यांस कल्पना सुचली, की ज्या रोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्यावर हे विष औषध ठरेल काय? चार्ल्स बीअर ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्याने १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे काढले. अमेरिकेतील एका औषधी कंपनीतही त्याच सुमारास त्याच झाडावर काम चालू होते. तेथून व्हिन्क्रिस्टिन निघाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते, आणि त्या उपचारांनी आज पुष्कळ मुले बरी होऊन शाळेत जातात.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. साखर उतरविण्यासाठी म्हणून ज्या पानाची ख्याती, त्या पानाने त्या परीक्षेत साखर उतरविली नाही. आणि त्याच्या पोटात असे द्रव्य निघाले, की जे डॉक्टर मोजून-मापून, रक्त तपासत शिरेतून देतात. अशी पाने दररोज मूठभर चावण्याचा उपदेश शेजारधर्म म्हणून आपण एकमेकांस करीत असतो! सदाफुलीची फुले देवास वाहावी; तिची पाने तोंडात घालू नयेत, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

मग वनस्पतीपासून मधुमेहावर खरे औषध कधी निघालेच नाही काय? निघाले आहे, आणि आपल्यापैकी कित्येक घरांत ते रोज घेतले जाते. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे. तिच्यातील द्रव्याने साखर उतरते खरी. पण ती वनस्पती चरून मेंढ्या दगावतात, इतकी ती विषारी. १९२० नंतरच्या काही वर्षांत ते द्रव्य रोग्यांस देऊन पाहिले, आणि शेवटी सोडून दिले. परंतु त्याच जातीचे एक सौम्य द्रव्य १९२२ साली डब्लिन येथे रसायनशाळेत तयार झाले होते. त्याकडे कित्येक वर्षे मधुमेहाचे औषध म्हणून कोणी पाहिले नाही. पुढे पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टेर्न ह्यांनी त्याची मनुष्यावर परीक्षा घेऊन १९५७ साली निकाल छापला. हेच ते मेटफॉर्मिन. प्रौढ वयातील मधुमेहावर आज बहुधा प्रथम हीच गोळी दिली जाते. म्हणजे ‘झाडपाला’ आणि ‘इंग्रजी औषध’ असा जो भेद आपण करतो, तो पुष्कळदा खरा नसतो. खरा भेद आहे तो परीक्षा झालेले आणि परीक्षा न झालेले, मात्रा ठाऊक असलेले आणि मात्रा ठाऊक नसलेले, एवढाच.

कारल्याविषयी विचारणारे पुष्कळ, म्हणून तेही सांगून टाकतो. कारल्यावर झालेल्या चांगल्या परीक्षांचा एकत्र आढावा कॉक्रेन ह्या प्रसिद्ध संस्थेतर्फे २०१२ साली घेण्यात आला. त्यात चारच परीक्षा निकषास उतरल्या, आणि मधुमेहावर औषध म्हणून कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा त्यांत मिळाला नाही. म्हणून कारल्याची भाजी खाऊ नये असे नाही; भाजी म्हणून ती उत्तम आहे, फक्त तीत गूळ बेताने घालावा. दुधीच्या रसाविषयी मात्र एक सावधगिरी अवश्य पाळावी. दुधी कडू निघाला, तर त्याचा रस घोटभरही पिऊ नये. कडवटपणा देणारे त्यातील द्रव्य विषारी असते. अशा रसाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी तसा इशाराही दिलेला आहे. औषध कडूच असावयाचे, अशी समजूत करून घेऊन ते घशाखाली ढकलणे प्राणावर बेतू शकते.

आता त्या पत्राचे उत्तर. ते त्या भगिनीस नव्हे, तर त्या घरातील वडील मंडळींस, हात जोडून देतो.

आपण ज्या प्रौढांच्या दाखल्यांवरून रसाचा विचार करीत आहा, त्यांचा मधुमेह आणि आपल्या नातवाचा मधुमेह हे दोन निराळे रोग आहेत. प्रौढाच्या शरीरात इन्सुलिन तयार होत असते, पण ते पुरे पडत नाही किंवा नीट लागू पडत नाही. तेथे पथ्य, चालणे, गोळी, आणि कदाचित् एखाद्या अर्काचीही थोडी मदत होते. ज्या मुलास लहान वयात इन्सुलिन लागते, त्याच्या शरीरातील ते तयार करणाऱ्या पेशीच बहुधा नष्ट झालेल्या असतात. विहीरच बुजली, तेथे रहाट कितीही चांगला बसविला तरी पाणी कोठून येणार? सुश्रुताने केलेले दोन वर्ग आणि आजचे दोन प्रकार तंतोतंत एक नव्हेत; परंतु सर्वांस एकच उपाय नाही, हे त्याने ओळखले होते. जन्मतः आलेला प्रमेह औषधाने बरा होत नाही, असे चरकसंहितेतही स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा शास्त्राचा आधारही सुई बंद करण्यास मिळत नाही.

इन्सुलिन निघण्यापूर्वी अशा मुलांचे काय होत असे? मूल पोटभर खाऊनही वाळत जाई, आणि बहुधा वर्षा-दोन वर्षांत आईबापांच्या डोळ्यांदेखत जाई. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटो येथे लिओनार्ड टॉम्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोचले. पहिल्या दिवशीचा अर्क अशुद्ध होता, त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. कॉलिप ह्यांनी तो शुद्ध केल्यावर, बाराच दिवसांनी पुन्हा टोचला, तेव्हा मुलाची साखर उतरली आणि त्याच्या अंगी शक्ती येऊ लागली. हाही एक अर्कच होता, जनावराच्या स्वादुपिंडाचा. आणि तोही परीक्षा देऊनच औषध झाला. त्या सुईच्या खुणा आपणांस क्रूर वाटतात. पण आपला नातू आज शाळेत जातो आहे तो त्या खुणांमुळे.

इन्सुलिन बंद केल्यास अशा मुलाची प्रकृती काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच, बिघडते. तहान व लघवी वाढते, पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोराने चालतो, तोंडास पिकल्या फळासारखा वास येतो, आणि मूल गुंगीत जाते. ही लक्षणे दिसताच रात्र-मध्यरात्र न पाहता इस्पितळ गाठले पाहिजे. रस देऊन पाहू, नाही गुण आला तर सुई आहेच, हा हिशेब येथे चालत नाही; कारण पाहण्यास तितका अवधी रोग देत नाही.

आजीबाईंस आमची आणखी एक विनंती आहे. नातवासाठी काही करावे, ही आपली तळमळ वाया जाऊ देऊ नका. इन्सुलिनची कुपी शीतकपाटात राहील पण बर्फाच्या कप्प्यात जाणार नाही, हे आपण पाहावे. सुई आणि जेवण ह्यांच्या वेळा सांभाळाव्या. मूल घामाघूम झाले, कापू लागले, चिडचिड करू लागले, तर साखर ७० च्या खाली गेली असेल असे समजून, ते शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. त्याच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी आहे ना, हे रोज सकाळी पाहावे. रस काढण्यास जे श्रम पडले असते, त्याहून हे श्रम कमी नाहीत. आणि त्यांचा उपयोग निश्चित आहे.

राहिले ते प्रौढ मधुमेही. त्यांनी तोंडली, कारली, मेथी ही अन्न म्हणून खुशाल खावी. अर्क, चूर्ण अथवा रस घेण्याची इच्छा असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. कारण गोळी आणि अर्क ह्या दोहोंनी मिळून साखर फाजील खाली गेली, तर वृद्ध मनुष्य स्नानगृहात घेरी येऊन पडतो. चालू औषध आपल्या मनाने थांबवू नये. ज्या बाटलीवर वनस्पतीचे नाव व प्रमाण स्पष्ट नाही, ती घरात आणू नये. आणि घरात एक वही ठेवावी. तीत तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, काय खाल्ले, किती चाललो, कोणती गोळी चुकली, हे लिहावे. तीन महिन्यांनी ती वही, सरासरी साखरेच्या तपासणीसह, डॉक्टरांपुढे ठेवावी. पुढील वेळी समाचारास आलेले पाहुणे एखादे पान सुचवू लागले, तर त्यांस चहा द्यावा, आभार मानावे, आणि त्या मेहुण्यांची वही पाहावयास मिळेल काय, असे नम्रपणे विचारावे.